काठाची हाफपँट

माय, आज सांबारवडी केली. तुझ्यासारखी नाही जमली. दोन फुटल्या, सारण कढईत सांडलं, तेल काळं झालं, आणि तुझा जावई दारात उभा राहून हसत होता. तरी केली, कारण आज जे घडलं ते तुझ्या घरात घडलं असतं तर दुसरं काही शिजलंच नसतं. हात दोनदा धुतले, अजून बोटांना सांबाराचा वास आहे. तुझी नात पुण्यात नोकरीला असते, तिला फोनवर सांगितलं तर तिची मैत्रीण मागून विचारते, इडलीबरोबरचं सांबार का? आमच्या नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्या बिचारीला कोण सांगणार. तू गेलीस तेव्हा ही नात रांगत होती आणि घडीघडी तुझ्या शिलाई मशीनखाली जाऊन बसायची. आता तिला मला समजवावं लागतं की फोनवर इतकं ओरडून बोलायची गरज नसते. काय करू, पीटीची मॅडम आहे, आवाज खालच्या पट्टीत येतच नाही.

हो, अजून पीटीच शिकवते. मनीषनगरच्या एका शाळेत. तुझ्या वेळी मनीषनगर म्हटलं की तू विचारायचीस, तिकडं कोण राह्यते बापा, तिकडं तं नुसत्या तुरी. आता तिथे तुरीचं एक झाड दाखव म्हटलं तर दिसणार नाही, सगळ्या बिल्डिंगा, आणि प्रत्येक बिल्डिंगीत पोरं, आणि प्रत्येक पोराला तीन-तीन ट्यूशन. शाळेला मैदान आहे हे नशीब. त्या मैदानावर आज काय झालं ते तुला सांगायचं आहे, पण ते सांगायचं तर आधी तुझी गोष्ट तुलाच सांगावी लागते. तू म्हणशील, मले माहीत नाही काय? माहीत आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी माझ्याकडे आहे.

तुला मी शिकले त्या शाळेचं मैदान आठवतं? तू तिथे एकदाच आली होतीस, पण तुझं ते एकदा येणं शाळा पुढे किती वर्षं सांगत होती. दर शनिवारी सकाळी आम्हाला श्रमदान असायचं. मुलं गोलपोस्टचे बांबू रोवायची, मुली गोटे वेचायच्या. फ्रॉकच्या ओच्यात गोटे भरायचे आणि कुंपणापाशी नेऊन टाकायचे. उन्हाने मान पोळायची. मैदान साफ झालं की सर चुन्याची फक्की मारून घ्यायचे, पांढऱ्या रेघा अशा सरळ यायच्या की बघत राहावं, आणि रेघा आखून झाल्या की शिट्टी वाजायची आणि सर म्हणायचे, चला, मुलींनी बाहेर. आम्ही बाहेर. कडुनिंबाखाली बसून टाळ्या वाजवायच्या. जे मैदान आम्ही साफ केलं त्याच्यात पाय ठेवायचा नाही, आणि गंमत म्हणजे यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटायचंही नाही. मी मात्र टाळ्या सोडून डबा उघडायची. राग म्हणजे काय ते तेव्हा नीट कळत नव्हतं, भूक लागली असेल असं वाटायचं.

कारण मला खेळता यायचं. आपल्या मोहल्ल्यात मी रोज खेळत होते. घराघरात माग, दिवसभर खटखट, आणि सकाळी गल्लीभर उभ्या सुताचा ताणा पसरलेला, त्याला पेज लावायची, ब्रश मारायचा, सुकवायचा. त्या सुताला आपला पाय लागला तर शेजारच्या काकांच्या हातचा मार ठरलेला. पण ताणा उचलेपर्यंत आमच्याच्याने धीर कुठे निघतो? तू परकर शिवून उरलेल्या चिंध्या द्यायचीस, त्यांचा आम्ही बॉल बांधायचो आणि ताण्याच्या कडेकडेने, दीड हात जागेतून, पायाला चिकटवून न्यायचो. जोरात मारायची सोयच नव्हती. मोठेपणी खेळातली माणसं मला विचारायची की बॉल इतका जवळ ठेवायला कुठे शिकलीस. मी सांगायची, मार खायच्या भीतीनं.

आठवीत मी सरांना विचारलं. सगळ्या शाळांच्या फुटबॉलच्या मॅचेस होणार होत्या, आणि मुलींच्याही होणार असं कळलं होतं. सर वाईट नव्हते हं. कोणाचा गुडघा फुटला तर स्वतः बसून हळद लावायचे. फक्त त्यांच्या डोक्यात हा विचार कधी शिरलाच नव्हता. ते हसले आणि सगळ्या मुलांसमोर म्हणाले, अकरा मुली हाफपँट घालून इथे उभ्या करून दाखव, त्याच दिवशी नाव पाठवतो. मुलं खो खो हसली. सरांना आपला मोहल्ला पुरता ठाऊक होता. अकरा सोड, एकीचीही माय पोरीला हाफपँट घालून रस्त्यावर पाठवणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी घरी येऊन दप्तर फेकलं आणि रडत बसले.

मी आत्ता लिहिता लिहिता तुला बघते आहे. तू मशीनवर बसली आहेस, परकराचा घेर फिरवते आहेस, तोंडात दोरा. मी नाक ओढत सगळं सांगते, गोटे, फक्की, सर, हसणारी मुलं, सगळं. शेवटी दोरा दातांनी तोडून एवढंच विचारतेस की हाफपँट म्हणजे कुठवर. मी गुडघ्याला हात लावून दाखवते. तू त्या गुडघ्याकडे बघत राहतेस, कापड बघतेस तशी.

त्याच आठवड्यात बाबांची दोन लुगडी गांधीबागेच्या कापडबाजारातून परत आली होती. अंगात एक धागा चुकला होता, व्यापाऱ्याने उजेडात धरून दाखवला आणि परत केली. गर्द हिरवं अंग, लाल करवती काठ. करवती काठ एकट्याचं काम नसतं हे मी लोकांना आता समजावून सांगते. बाबा मागावर बसायचे, तू काठाच्या बाजूला, बाबांनी इकडून धोटा टाकला की तू तिकडून टाकायचीस, लाल सूत हिरव्यात अडकायचं आणि काठाला करवतीसारखे दात यायचे. दोघं तासन्‌तास बोलत नसायचात, फक्त धोटे यायचे-जायचे. ती लुगडी परत आल्यापासून बाबा जेवताना मान वर करत नव्हते. आणि एके दुपारी तू ती दोन्ही लुगडी जमिनीवर अंथरलीस, गुडघे टेकून बसलीस आणि कैची लावलीस. माग थांबला. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तसेच बघत बसले. मग त्यांनी माग परत सुरू केला, तेवढीच त्यांची परवानगी.

आता खरी भानगड. आपल्या घरात काठ अंगापासून कैचीने वेगळा करत नसत. लुगडं विरलं, त्याची वाकळ झाली, बाळंतपणाची दुपटी झाली, तरी काठ जसाच्या तसा राहायचा, कारण दोन माणसांनी बसून जोडलेली गोष्ट तोडायची नाही असा तुझा कायदा होता. त्या कायद्याप्रमाणे तू हाफपँटी बेतल्यास. लुगडं मधोमध उभं फाडलंस, काठ खाली ठेवलास आणि वरून आकार काढलास. दुसऱ्या दिवशी शाळेतून येते तर दोरीवर हिरव्यागार हाफपँटी वाळत घातलेल्या, आणि प्रत्येकीच्या दोन्ही गुडघ्यांना लालभडक करवती काठ. शिवाय उजवीकडे खिसा. तुला खिशाचा भारी सोस, म्हणायचीस की पोरींच्या कपड्याले खिसा काहून नसते, त्याहीले हात नसतात काय.

मी थयथयाट केला. असली हाफपँट जगात कोणी घातली आहे का, सगळं मैदान हसेल, मी नाही घालणार, फुटबॉल गेला खड्ड्यात. तू शांतपणे ऐकून घेतलंस. मग मशीन थांबवून जे बोललीस ते मी अजून माझ्या मुलींना ऐकवते.

"खेळाची लाज वाटून राहिली तुले, का काठाची? खेळाची वाटत असंल तं बस घरी, मी काही म्हणत नाही. काठाची वाटत असंल तं तिकडं तुह्या बापाकडं पाह्य अन् मंग बोल."

मी तिकडे पाहिलं. बाबा मान खाली घालून माग चालवत होते, जसं काही ऐकूच आलं नाही. मी हाफपँट घातली. आरशात पाहिलं तर तोंड वाकडं झालं, पण जागीच दोन उड्या मारल्या तर कापड अंगाला चिकटत नव्हतं आणि काठाच्या वजनाने वरही चढत नव्हतं. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, तुझा भाव वाढला असता.

मग तू त्या हाफपँटी कापडी पिशवीत घालून मोहल्ल्यात निघालीस, आणि मी मागे. पहिल्याच घरी माझ्या मैत्रिणीची माय, जिने मी आधी एकटी विचारायला गेले तेव्हा मला हाकलून दिलं होतं, हाफपँट हातात घेते आणि सवयीने काठावर अंगठा फिरवते. विचारते, हा काठ तुमच्या घरचाच ना. तू हो म्हणतेस. मग त्या दोघी काठाबद्दल बोलायला लागतात, दात किती बारीक आलेत, सूत कुठलं, रंग धुण्यात जाईल का राहील. पाय, गुडघे, लाज, यांचं नावच कोणी काढत नाही. मी दारात उभी राहून बघते आहे आणि मला समजत नाही की हे काय चाललंय. शेवटी आतून त्यांची म्हातारी सासू येते, जिच्या होकाराशिवाय त्या घरात भाजीला फोडणी पडत नसे. ती कापड डोळ्यांजवळ नेऊन बघते आणि म्हणते, "हाफपँट कायची वं हे? हे तं लुगडंच होय, जरासंक आखूड."

झालं. ते वाक्य आपल्या आधी पुढच्या घरी पोचलं, आणि त्याच्या पुढच्या. हाफपँट असती तर एकही पोरगी निघाली नसती, पण आखूड लुगड्याला कोण नाही म्हणणार? दिवस मावळेपर्यंत तुझी पिशवी रिकामी झाली होती आणि दोघीजणी आपल्यालाही पाहिजे म्हणून दारात येऊन बसल्या होत्या.

मग तू शाळेत आलीस. तेवढी एकदाच. आम्ही सगळ्या रांगेत उभ्या, हिरव्या-लाल, आणि सर बघतच राहिले. मुलं हसायला लागली. सरांना आपला शब्द आठवला असणार, म्हणून त्यांनी दुसरा मुद्दा काढला, म्हणाले, बाई, हा काय खेळाचा पोशाख झाला, हे नियमात बसणार नाही. तू डोक्यावरचा पदर नीट केलास. मला वाटलं आता तू माफी मागून आम्हाला घरी नेणार.

"नेमात हाफपँट लिहेल आहे नं सर? मंग हे हाफपँटच आहे. बिनकाठाची पाहिजे असं कुठं लिहेल आहे? अन् एक सांगा मले. गोटे येचाले माही पोट्टी, अन् खेळाले पोट्टे, असं काहून?"

सर मैदानाकडे वळले, आमच्या हातांनी साफ केलेल्या मैदानाकडे. मग शिट्टी काढली आणि म्हणाले, चला, मुलींनी आत. माय, तो शब्द. आत. मी रेघ ओलांडली तेव्हा फक्की माझ्या पायाला लागली आणि मी ती रात्री झोपेपर्यंत धुतली नाही. पुढच्या शनिवारपासून गोटे सगळ्यांनी वेचायचे, मुलांनीही, हे सरांनीच ठरवलं. आठवड्यातले दोन वार मैदान आम्हा मुलींना दिलं तेही त्यांनीच. माणूस एकदा समजला की समजतो, नाही असं नाही.

मॅच झाली ती तू पाहिली नाहीस, लग्नसराईचे परकर द्यायचे होते. समोर शहरातल्या एका मोठ्या शाळेची टीम, पायात खिळ्यांचे बूट. आमच्या पायात पीटीचे कॅनव्हास. आम्ही उतरलो तर त्यांच्यातली एक म्हणाली, अगं, या लग्नाला आल्यात का? आम्ही सपाटून हरलो. इतक्या हरलो की शेवटी मोजायचं सोडून दिलं. पण एक गोल आमचा झाला, आणि त्या एका गोलसाठी आम्ही असा दंगा केला की जिंकलेल्या मुली गोंधळून गेल्या. संध्याकाळी आम्ही नाचत गल्लीत शिरलो आणि माझ्याबरोबर फॉरवर्डला खेळणाऱ्या मैत्रिणीने लांबूनच ओरडून तुला सांगितलं की गोल हिनं केला. तू मशीनवरून उठलीस ती सरळ सैपाकखोलीत गेलीस. त्या दिवशी सगळ्या टीमने आपल्या ओसरीवर बसून सांबारवडी खाल्ली, कढीत बुडवून, आणि बाबांनी स्वतः वाढली. बाबा एकेकीच्या गुडघ्याकडे, म्हणजे काठाकडे, बघत होते, आणि मी बाबांना इतकं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं. गांधीबागेने परत केलेलं त्यांचं काम त्या दिवशी सगळ्या शहरासमोर पळून आलं होतं.

तो गोल तू मग आयुष्यभर सांगितलास. आधी नुसता गोल होता. मग डाव्या पायाने झाला. मग चार जणींना मागे टाकून झाला. मला बघायला आले त्या दिवशीही तू पोह्यांची बशी हातात धरून पाहुण्यांना तो गोल सांगितलास आणि होणाऱ्या सासूबाईंचा चेहरा उतरला. तुझा जावई मात्र म्हणतो की त्याने तिथेच ठरवलं. ती मैत्रीण अजून मोहल्ल्यात राहते, भेटली की आधी हसते आणि मग बोलते. का हसते ते सांगणार आहे.

आता आजचं ऐक. इथल्या शाळेत मी आले तेव्हा मुलींना गोटे वेचायला लावत नव्हते, सुधारणा झाली होती ना. मोठा पाहुणा आला की मुलींनी काठापदराच्या साड्या नेसून ओवाळायचं आणि मुलांनी खेळायचं. हळूहळू मी मुलींची टीम बांधली. चांगली बांधली, सांगायला लाज कशाची. कोणाची आई म्हणते ऊन लागून काळी पडेल, कोणाचे बाबा म्हणतात दहावी आहे, मी घरोघरी जाते, चहा पिते, बसून राहते, हे तुझ्याकडूनच शिकले. या वर्षी स्पर्धेच्या वेळी मीटिंगमध्ये ठरलं की बस एकच आहे, तर मुलांची टीम जाईल, मुलींचं पुढच्या वर्षी बघू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उभी राहिले. बोलायचं ठरवलं होतं ते सगळं शाळेतल्या मराठीत, मुद्देसूद, आणि तोंडातून निघालं ते तुझं. ओवाळाले पोट्ट्या अन् खेळाले पोट्टे, असं काहून? आमच्या प्रिन्सिपल मॅडम माझ्याहून बऱ्याच लहान आहेत, पुष्कळ शिकलेल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या की बस दोन खेपा करेल, मैदानही अर्धं-अर्धं. फक्त एक, मुलामुलींत फरक नको म्हणता ना, मग ड्रेसही दोघांचा अगदी एकच. मी म्हटलं, शंभर टक्के.

इथे माझी फजिती सुरू होते. एका दुपारी मुली दमून बसल्या होत्या, मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी ट्रंकेतली माझी ती हाफपँट आणून दाखवली. रंग विटला आहे, काठ अजून तसाच लाल. ती या हातातून त्या हातात अशी फिरली की मला वाटलं फाटते आता. आमच्या कॅप्टनची आई घरीच बुटीक चालवते. मला न विचारता तिला घेऊन पोरींनी गांधीबाग पालथी घातली, करवती काठ शोधून आणला, मागाचा नाही गं, मशीनवरचा, पण दात आहेत, आणि शाळेच्या निळ्या हाफपँटींना खाली लावून घेतला. मॅचच्या आदल्या दिवशी सगळ्या माझ्यासमोर येऊन उभ्या. मी वाकून काठावर अंगठा फिरवला. आणि तेवढ्यात प्रिन्सिपल मॅडम मागून आल्या. त्यांनी पाहिलं, त्यांनाही आवडलं असावं, पण म्हणाल्या, मॅडम, आपलं ठरलं होतं ना, ड्रेस एकच. उद्या मुलं म्हणतील मुलींचे लाड.

माझाच शब्द होता. मुलींना म्हटलं, उसवा. त्या पायरीवर बसल्या, हाफपँटी मांडीवर, एकीने कंपासपेटीतली कैची काढली, आणि कोणीच सुरुवात करेना. मलाही बघवेना. काठाला कैची लावायला आपणच सांगतो आहोत, हे तुझ्या पोरीकडून व्हावं. मी पाठ फिरवून उभी राहिले. तर मैदानावरून मुलांची टीम घामाघूम होऊन येत होती. त्यांना काय चाललंय ते मुलींनी सांगितलं. पोट्टे आपसात कुजबुजले, एकमेकांना ढकललं, आणि त्यांचा कॅप्टन, ताडमाड उंच, आवाज नुकताच फुटलेला, पुढे आला.

"मॅडम, मंग आमच्याही पँटीले लावून द्या नं काठ. झालं नं मंग एकच?"

प्रिन्सिपल मॅडमनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुलांच्या केसाळ पायांकडे, आणि त्या अशा हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाल्या, लावा. बुटीकवाल्या बाईंनी मशीन शाळेतच आणली. आणखी दोन आया आल्या, एका मुलाचे बाबा आले, त्यांना उलटी टीप मारता येत होती. मी शिवायला बसले नाही, मला अजून सुईत दोरा ओवता येत नाही, तू कपाळावर हात मारून घ्यायचीस तसंच आहे. मी आपली दोरे तोडत बसले, दातांनी.

आज मॅचला आमची शाळा उतरली, दोन्ही टीम, निळं अंग, लाल काठ. कोणीतरी तिकडून ओरडलंच, ए, साडी. मी वळले, पण मला तोंड उघडायची वेळच आली नाही. आमचा मुलांचा गोलकीपर कमरेवर हात ठेवून म्हणाला, "हाव, करवती आहे. तुह्याकडं आहे का?" मुली जिंकल्या. मुलं हरली. मुलं तोंड पाडून बसली तर मुलींनी जाऊन त्यांना आपल्या संत्र्यांच्या फोडी दिल्या आणि मग जे सगळे मिळून नाचले, माय वं, धूळ नुसती. तू असतीस तर पदर खोचून मैदानात आली असतीस. मी तर गेलेच. मला इतका आनंद झाला होता की कोणाला सांगू असं झालं, आणि सांगायला तूच पाहिजे होतीस.

एक विचारायचं राहिलं. काठ तू कायदा म्हणून ठेवलास, की मोहल्ल्यातल्या बाया काठ पाहिला की बाकी सगळं विसरतात हे तुला आधीच ठाऊक होतं? तुला विचारलं की तू मशीन जोरात चालवायचीस. आज प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं, तुमच्या आई फार हुशार होत्या का? मी म्हटलं, ते मलाही कळलं नाही.

ही पानं आता घडी करून त्या हाफपँटीच्या खिशात ठेवते आणि ट्रंक लावून टाकते. मावली तर बरं, खिसा तू आठवीतल्या पोरीच्या मापाने शिवला होतास. आणि त्या मैत्रिणीच्या हसण्याचं सांगायचं राहिलं. माय, तो गोल मी मारला नाही. कॉर्नर आला होता आणि मी गोलकडे पाठ करून, कॅनव्हासची लेस सुटली म्हणून खाली वाकले होते. बॉल मागून येऊन माझ्या पायावर आदळला, गुडघ्याच्या मागे, बरोबर काठावर, आणि आत गेला. मला कळलंसुद्धा नाही, वाटलं फाऊल झाला. म्हणजे बघ, जो गोल तू लग्नाकार्यात मिरवत फिरलीस तो तुझा आणि बाबांचाच होता. मी सांगणार होते, कितीदा तोंडापर्यंत आलं होतं, पण तू ती गोष्ट सांगताना उभी राहून, लुगडं सावरत, डावा पाय उचलून दाखवायचीस, आणि मला ते दर वेळी बघायचं असायचं.